माळशेजची काळू दरी: कातळ, पाणी आणि पाखरं याबद्दल ठाणेकरांचे नेहमीचे प्रश्न

जूनचा पहिला पाऊस पडला की ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोलीतल्या ओळखीच्या लोकांचे निरोप सुरू होतात. निम्मे धबधब्याचे, उरलेले फ्लेमिंगोचे. खडकाबद्दल सहसा कोणी विचारत नाही आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. काळू नदीच्या दरीत कुठला पक्षी कुठे सापडेल, हे तिथला कातळ ठरवतो. म्हणून इथे आधी दगडाचे प्रश्न घेतलेत, मग पाखरांचे. घाई असेल त्यांनी थेट फ्लेमिंगोच्या प्रश्नावर जावं, पण ते उत्तर फारसं आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काळू दरी म्हणजे नेमकी कुठली?

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुरबाड तालुक्यात. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत निघालेला रस्ता सावर्ण्याच्या पुढे माळशेज घाट चढायला लागतो. तिथेच बाजूला हरिश्चंद्रगडाच्या रांगेतून काळू नदी टप्प्याटप्प्याने कोकणात उतरते. माथ्याकडे जुन्नर तालुक्यातलं खिरेश्वर, पायथ्याशी थितबी. पुढे मुरबाड तालुका ओलांडून ती टिटवाळ्याला येते. गणपतीला गेल्यावर आपण जी नदी बघतो ती हीच. नंतर कल्याणच्या परिसरात ती उल्हासला मिळते आणि वसईच्या खाडीकडे वळते. उल्हासच्या मुखाची एक अरुंद वाट ठाण्याच्या खाडीशीही जोडलेली आहे, तेव्हा आपला या दरीशी संबंध शनिवार-रविवारपुरता नाही.

घाटमाथ्यावर आणखी एक गंमत आहे. खिरेश्वरच्या अंगाला पडलेला पाऊस पिंपळगाव जोगे धरणात साठतो आणि पुढे घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जातो. तोच ढग थोडा पश्चिमेला रिकामा झाला की पाणी अरबी समुद्राचं.

इथे ज्वालामुखी होता का? त्याचं तोंड कुठे आहे?

तोंड शोधत बसू नका. दख्खनचा लाव्हा बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या रीयुनियन बेटाखालच्या तप्त भागावरून उत्तरेकडे सरकत होता, तेव्हाची ही घटना. लाव्हा यायचा, पसरायचा, थंड व्हायचा, काही काळ शांतता, मग पुन्हा नवा लोंढा. असे थरावर थर चढून सह्याद्रीत या खडकाची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. झीज होऊन आज जे उरलंय तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा आत वळलेला वाटोळा आकार बघून पुष्कळ जण ‘हेच ते विवर’ असं ठोकून देतात. तो आकार पाण्याने आणि ढासळण्याने आलेला आहे.

डायनासोरची हाडं सापडतील का इथे?

नाही. लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. आपल्याकडचे डायनासोरचे अवशेष मुख्यतः लाव्ह्याच्या खाली गाडल्या गेलेल्या गाळाच्या थरांत मिळतात, जबलपूर, नागपूर, गुजरात या बाजूला. मुलं रुसतील, पण इलाज नाही.

मग एवढी खोल दरी खोदली कोणी?

पाण्यानेच, पण एकट्या पाण्याच्या जोरावर नाही. लाव्हा थांबल्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबात थोड्या, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि आपला पश्चिम किनारा फाटून तयार झाला. एका बाजूला उंच पठार, दुसऱ्या बाजूला खचलेला किनारा. त्या कडेवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांना फार कमी अंतरात फार मोठा उतार मिळाला. माळशेजचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि टिटवाळ्याला ही नदी जवळपास भरती-ओहोटीच्या पातळीवर येऊन टेकते. पूर्वेकडच्या नद्यांना तेवढंच उतरायला सगळी दख्खन ओलांडावी लागते. त्यामुळे पश्चिमेच्या नद्या मागे मागे खोदत पठार खात राहिल्या, आणि सह्याद्रीचा कडा मुळात आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता असं भूशास्त्रज्ञ मानतात.

धबधब्याच्या पायथ्याशी हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं असतं. वरचा थर कठीण, त्याच्या खालचा मऊ. उसळणारं पाणी आणि तुषार मऊ थराला आतून पोखरतात, तिथे कपार पडते. आधार गेला की वरच्या कठीण थराचा तुकडा सुटून डोहात येतो. धबधबा एक पाऊल मागे सरकतो आणि पुन्हा तेच. पात्रातले मोठमोठे, अजून धारदार कडा असलेले धोंडे याचेच आहेत. ते थोडं खाली, थितबीच्या बाजूला येईतो गोल व्हायला लागतात.

पात्रात रांजणखळगेही मिळतात. भोवऱ्यात अडकलेले गोटे कातळाला घासून घासून ते खड्डे करतात. उन्हाळ्यात तळाशी तेच गोटे पडलेले दिसतात. उचलून बघा, अंडाकृती आणि गुळगुळीत.

कड्यावर आडवे पट्टे दिसतात आणि मधेच एक लाल रेघ असते. ते काय आहे?

माझ्या दृष्टीने सगळ्या दरीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

लाव्ह्याचा एक लोंढा थंड होताना वरपासून खालपर्यंत सारखा होत नाही. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडक सच्छिद्र राहतो. मधला गाभा सावकाश थंड होतो, तो घट्ट आणि काळा. आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात, कधी कधी सरळ खांब तयार होतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनी बघितलाय त्यांना खांब म्हणजे काय हे सांगायला नको. तर हा घट्ट गाभा झिजला की उभा तुटतो आणि ताशीव कडा होतो. सच्छिद्र भाग लवकर कुजतो, त्याचा उतार होतो, त्यावर माती धरते, गवत येतं, कारवी येते. कडा, मग हिरवी पट्टी, मग पुन्हा कडा असा सह्याद्रीचा जो ठरलेला आकार आहे तो यातून येतो. गावकऱ्यांच्या जुन्या आडव्या वाटाही याच हिरव्या पट्ट्यांवरून जातात.

काही थर एका लोंढ्याचे जाड आणि सलग असतात. काही ठिकाणी मात्र लाव्हा लहान लहान फुगवट्यांनी पुढे सरकला, उतू गेलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पाडत, एकावर एक चढत. अशा जागी कड्याला गोलसर पोटं आणि त्यांच्या मधे भरपूर फटी दिसतात.

आता लाल रेघ. दोन लोंढ्यांच्या मधल्या शांततेत आधीच्या थराचा वरचा पापुद्रा हवा-पाण्याने कुजला, लाल मातीसारखा झाला, आणि मग त्याच्यावर पुढचा लाव्हा येऊन तो भाजला गेला. काही ठिकाणी यात ज्वालामुखीची राखही मिसळलेली असते. भूशास्त्रात याला बोल म्हणतात, आपल्याकडे गेरूचा पट्टा म्हटलं की सगळ्यांना कळतं. घाटरस्त्यावर कापलेल्या भिंतीत तो हाताच्या उंचीवर मिळतो. बोट घासलं तर लाल भुकटी निघते, नख रुततं. त्याच्या वरच्या काळ्या दगडावर हातोडी मारली तर ठिणगी उडेल. एवढा फरक एका वितीत.

हा मऊ पट्टाच कड्यात कपारी पाडतो. आणि कड्यावर राहणारी बहुतेक पाखरं या कपारींची भाडेकरू आहेत. दुर्बीण घेऊन अख्खा कडा चाळण्यापेक्षा आधी लाल रेघ शोधा आणि तिच्यावरून नजर आडवी फिरवत न्या.

नाळ म्हणजे काय? ती तर वरपासून खालपर्यंत सरळ चिरलेली दिसते.

भेगेतून वर येणारा लाव्हा शेवटी भेगेतच गोठला तर उभी भिंत तयार होते. तिला डाईक म्हणतात. कल्याण-मुरबाड भागात डाईक भरपूर आहेत. आजूबाजूच्या खडकापेक्षा तो कठीण निघाला तर झीज झाल्यावर शेतातून भिंत उभी राहावी तसा उरतो. उलट तो भेगाळलेला असेल तर पाणी त्यालाच आधी खातं आणि डोंगराला उभी फट पडते, तीच नाळ. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या पोटाशी जाणारी नळीची वाट हे अशा उभ्या चिरेचं नाव घेण्याजोगं उदाहरण. ती वाट हौशी लोकांची नव्हे, दोर आणि जाणता माणूस बरोबर हवा.

दगडाच्या पोकळीत पांढरे, चमकणारे खडे असतात. हिरे आहेत का? घरी आणावेत का?

हिरे असते तर घाट एव्हाना सपाट झाला असता. बुडबुड्यांच्या पोकळ्यांतून नंतर खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. त्यात गारगोटीच्या कुळातले असतात, तसेच झिओलाइट गटातले स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, आणि त्यांच्या सोबतीने अपोफिलाइट. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

आणू नका. वनखात्याची जमीन आहे, हे कारण पुरेसं आहे. शिवाय फोडून काढलेला खडा घरी शोकेसमध्ये चार दिवसांत धुळीने माखतो.

याच घाटांच्या पट्ट्यात काही थरांत पांढऱ्या फेल्डस्पारचे दोन-तीन सेंटीमीटर लांबीचे स्फटिक काळ्या दगडात विखुरलेले असतात. भूशास्त्रज्ञ अशा थरांचा उपयोग खूणगाठीसारखा करतात, त्यातल्या एकाला नाव कसाऱ्याच्या थळघाटावरून दिलं आहे. मोठ्या थरसमूहांनाही नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा अशीच आपल्या ओळखीची नावं आहेत. कर्जत लोकलमध्ये बसून नेरळला उतरणाऱ्यांना आपण एका भूशास्त्रीय नावावर उतरतोय याची कल्पना नसते.

वज्रेश्वरी-गणेशपुरीचं पाणी गरम आहे, म्हणजे ज्वालामुखी अजून जिवंत आहे ना?

नाही. पावसाचं पाणी खोल भेगांतून खाली जातं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. कोकणात अशा झऱ्यांची उत्तर-दक्षिण रांगच आहे. इथे खडकाचे थर पश्चिमेकडे वाकलेले आहेत, त्याला पनवेलचा बाक म्हणतात, आणि त्या वाकलेल्या भागात भेगांना तोटा नाही. घाटात आडवे दिसणारे थर मुंब्रा-पारसिकच्या डोंगरात समुद्राकडे कललेले दिसतात ते त्यामुळेच. लोकलच्या दारातूनही नीट पाहिलं तर कळतं. दारात लटकू मात्र नका.

माळशेजला फ्लेमिंगो कधी येतात?

सहलीच्या जाहिराती दरवर्षी जुलै-ऑगस्टमधल्या माळशेजच्या धबधब्यांसोबत फ्लेमिंगोचा फोटो लावतात. कड्यांवर आणि धबधब्यांवर फ्लेमिंगो मिळणार नाहीत. त्याला उथळ पाणी, चिखल आणि चिखलातलं खाद्य लागतं. चोच उलटी करून पाणी गाळणारा पक्षी उभ्या कातळावर काय गाळणार? घाटमाथ्याच्या पलीकडे धरणांच्या उथळ कडेला पाणपक्षी येतात, पण तो वेगळा अधिवास आणि वेगळा हंगाम.

खरं म्हणजे फ्लेमिंगो बघायला ठाणेकराने घाट चढायचं कारणच नाही. ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे ते मोठ्या संख्येने असतात. लहान फ्लेमिंगो जास्त, मोठे कमी. लहान पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळतो, मोठा त्याबरोबर छोटे जलकीटक आणि कोलंबीवर्गीय जीवही. खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात बोटी सुटतात, भरतीचं वेळापत्रक बघून जागा आधी राखून ठेवावी लागते.

आणि तो चिखल कुठून आला? बेसाल्ट, म्हणजे हाच गोठलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, कुजून जी चिकट काळी माती होते ती ओढ्या-नद्यांनी वाहून आणली, खारफुटीने धरून ठेवली. सह्याद्री झिजला म्हणून खाडीला फ्लेमिंगो आहेत.

मग दरीत बघायचं तरी काय?

पावसाळ्यात गेलात तर बघण्याआधी ऐकायचं. पहाटे, अजून नीट उजाडलेलं नसताना, पाण्याच्या आवाजावरून चढत एक शीळ येते. कोणीतरी रिकामटेकडा माणूस सूर लावायचा प्रयत्न करतोय, मधेच विसरतोय, पुन्हा दुसरीकडूनच सुरुवात करतोय, असं वाटतं. हा शीळकरी कस्तूर. सावलीत तो काळाच दिसतो. उन्हाची तिरीप पडली की कपाळावरचा आणि खांद्यावरचा गडद निळा तुकडा चमकतो.

हा पक्षी धबधब्याच्या मागच्या कपारीत, तुषारांच्या पडद्याआड घरटं करतो. वर सांगितलेली पोखरलेली मऊ पट्टी ती हीच. शेवाळ, मुळं आणि चिखल यांची जाडजूड वाटी, सतत ओलसर, आणि समोर पाण्याची भिंत असल्याने सापा-मांजराला वाट नाही. विणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याचा, कारण तेव्हा खाणं मुबलक असतं. ओढ्यातला लहान खेकडा पकडला की तो पायांनी धरून फाडत नाही. चोचीत नांगी धरून दगडावर आपटतो. एक नांगी तुटते, ती टाकतो, दुसरी धरतो, पुन्हा आपटतो. शेवटी उरलेलं मऊ अंग गिळतो. पात्रातल्या एखाद्या सपाट धोंड्यावर खेकड्याच्या नांग्या आणि शंखांचे तुकडे पडलेले दिसले तर ती त्याची जेवणाची जागा समजा आणि लांब बसून वाट बघा. तो बहुधा परत येतो.

पावसाळ्यातच ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्याची बिळं असतात. मुठीत मावेल एवढा पक्षी, जांभळा-नारिंगी-पिवळा, आणि दिसतो तो बहुतेक वेळा एक रंगीत रेघ म्हणून. त्याला कातळ चालत नाही, भुसभुशीत माती लागते. म्हणून तो दरीच्या उभ्या भागात कमी आणि पायथ्याच्या झाडीत जास्त. नवरंगही याच झाडीत, जूनमध्ये दोन सुरांची शीळ घालतो.

कड्यावर घिरट्या घालणारे पक्षी कोणते?

सगळ्यांना गरुड म्हणू नका, एवढी विनंती.

कड्यासमोर थव्याने, कोयत्यासारखे वाकडे पंख घेऊन सुसाट जाणाऱ्या त्या आल्पाइन पाकोळ्या, पोट पांढरं. उभ्या फटींत वस्ती करतात. पाकोळ्या हवेतच खातात, हवेतच झोपतात. याच जातीच्या स्वित्झर्लंडमधल्या पक्ष्यांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या सलग २०० दिवस जमिनीला न टेकता उडत राहिल्याचं दिसलं. त्यांच्यापेक्षा संथ, कड्याला चिकटून मागे-पुढे करणारी करडी पाखरं म्हणजे डस्की क्रॅग मार्टिन ही भिंगरी. ती घाटातल्या बोगद्याला आणि मोऱ्यांनाही कडाच समजते.

शाहीन ससाणा हा इथला राजा. कड्यावरच्या एका ठरावीक टोकावर बसतो, खालचा दगड विष्ठेने पांढरा झालेला असतो. पोपट किंवा पारवा दरीच्या मधोमध आला की पंख मिटून खाली येतो. ससाण्याच्या या झेपेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर नोंदलेला आहे. उघड्या दरीशिवाय हा पवित्रा जमत नाही, म्हणून त्याला जंगलापेक्षा दरी प्रिय. मोरघारही कपारीत घरटं करते, बहुधा जोडीने फिरते. शृंगी घुबड दिवसा कपारीच्या सावलीत बसलेलं असतं, आणि दगडापासून ते वेगळं काढणं ही शिक्षाच आहे. झाडीवरून तीन सुरांत ओरडत गोल फिरणारा मात्र तुरेवाला सर्पगरुड. तो कड्याचा नव्हे, खालच्या जंगलाचा.

गिधाडं राहिली आहेत का?

लांब चोचीचं गिधाड कड्यावर वीण करणारं, म्हणजे सह्याद्रीचं हक्काचं पाखरू. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरात या जातीची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घसरली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, २०२३ साली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही. आजारी गुराला दुकानदाराने दिलेलं कोणतंही औषध टोचू नये, एवढं मुरबाडकडे गोठा असलेल्या आपल्या नातेवाइकांना सांगा.

दिसलं तर कसं ओळखावं? पंख रुंद, टोकं बोटांसारखी फाकलेली, पंख न हलवता चढत्या गरम हवेवर उचललं जाणारं. हिवाळा हा विणीचा काळ. घरट्याची जागा कळली तरी व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

हिवाळ्यात धबधबा आटतो, मग जाण्यात अर्थ आहे का?

माझं मत विचाराल तर तेव्हाच जावं. डिसेंबर-जानेवारीत पात्र उघडं पडतं, थर नीट वाचता येतात, हवा स्वच्छ असते आणि शिकारी पक्ष्यांचा विणीचा काळ सुरू असतो. उघड्या धोंड्यांवर निळा शैल कस्तूर येऊन बसतो, हिमालयाकडून आलेला पाहुणा. उरलेल्या डोहांच्या कडेने करडा धोबी शेपटी हलवत फिरतो, तो तर ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच हजर असतो. ऑक्टोबरात गवत आणि रानफुलं. एप्रिल-मे तापलेल्या कातळामुळे त्रासाचा, पण डोहांवर पाणी प्यायला येणारी पाखरं बघायला पहाटेचे दोन तास बरे.

कोकणकड्यावर गोल इंद्रधनुष्य दिसतं ही थाप आहे का?

थाप नाही. दरीत धुकं भरलेलं, सूर्य पाठीमागे खाली आलेला, आणि आपण कडेला उभे. आपली सावली धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडं उमटतं. इंद्रवज्र म्हणतात. विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावर ते पाहिल्याचं १८३५ सालच्या आपल्या लेखात लिहून ठेवलंय. हाच साइक्स दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी करणारा, १८३२ सालची. आपल्या माळरानावरच्या एका चंडोलाला आजही त्याचंच नाव आहे. दख्खनच्या खडकांवरही त्याने लिहिलं. तेव्हा खडक आणि पाखरं एकत्र बघण्याची ही सवय काही माझी नवी नाही.

पावसाळ्यात घाटात दरडी का कोसळतात? जाणं धोक्याचं आहे का?

उभ्या भेगांतून पाणी आत उतरतं आणि लाल चिकट थरावर येऊन अडतं. तो थर भिजून निसरडा होतो, वरच्या कातळाचे ठोकळे सुटतात. रस्त्यासाठी डोंगर उभा कापलेला असल्याने त्यांना थेट रस्त्यावर यायला मोकळीक मिळते. म्हणून कापलेल्या भिंतीखाली गाडी लावून भजी खाणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

धबधब्याच्या पात्राचं पाणी मिनिटांत वाढतं, कारण पाऊस माथ्यावर पडतो आणि खाली ऊन असू शकतं. पाण्याचा रंग अचानक तांबूस झाला, पाला-काड्या वाहत आल्या, तर सामान सोडून वर निघा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढतं, निघण्यापूर्वी तो लागू आहे का ते तपासा. लागू असेल तर हिवाळ्याचं उत्तर वर दिलंच आहे.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला तर चालेल का? ड्रोन?

दोन्ही नको. विणीच्या काळात आवाज लावला की नर घरटं सोडून भांडायला येतो, आणि तेवढ्या वेळात पिल्लं उघड्यावर. ड्रोनला शाहीन आणि मोरघार शत्रूच समजतात, अंगावर जातात आणि पंख कापून घेतात. शिवाय वनक्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर वेगळं प्रकरण ओढवून घ्याल.

कोणती दुर्बीण घ्यावी?

८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. यापुढे खर्च करायच्या आधी एखाद्याची मागून बघा. पावसाळ्यात जलरोधक नसेल तर आत बुरशी धरते.

एवढं लांब जमत नाही. ठाणे-नवी मुंबईतच काही बघता येईल का?

भरपूर. येऊरच्या ओढ्यांत काळा बेसाल्ट आणि त्याचे गोटे मिळतात, सकाळी लवकर गेलात तर सर्पगरुड आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नवरंग. येऊर ज्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे त्याच्याच दुसऱ्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. ती ज्वालामुखीच्या तुकड्यांनी आणि राखेने बनलेल्या संमिश्र खडकात कोरलेली, भिंत जवळून बघितली की कोनदार तुकडे दिसतात. एकसंध काळ्या लाव्ह्यापेक्षा हे वेगळं प्रकरण. मुंब्रादेवीच्या डोंगरावरून कललेले थर आणि खाली खाडी एका नजरेत येतात. खारघरच्या टेकड्यांत कडा-उतार-कडा हा नमुना लहान आकारात मिळतो. पांडवकड्याच्या धबधब्यावर मात्र पावसाळ्यात बंदी असते आणि ती अपघातांमुळे आलेली आहे.

जायचं कसं?

कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटी गाड्या आहेत. ठाण्याहून लोकलने कल्याण आणि तिथून एसटी, हा सगळ्यांत कमी डोकेदुखीचा मार्ग. स्वतःची गाडी असेल तर पहाटे पाचच्या आत ठाणे सोडा, कारण मुरबाडच्या पुढे नऊनंतर शनिवार-रविवारी रांग लागते. पायथ्याच्या गावांतला ठाकर किंवा महादेव कोळी समाजातला एखादा वाटाड्या ठरवून घ्या आणि दिवसाची मजुरी निघण्याआधीच बोलून ठेवा. कुठल्या कपारीत घुबड बसतं आणि कुठल्या ओढ्याला पाणी कधी चढतं हे त्यांना पाठ असतं. जेवणही त्यांच्याच घरी सांगा, पिठलं-भाकरी आणि मिळाली तर रानभाजी. सकाळी वर जातानाच किती माणसं ते कळवायचं, परत आल्यावर सांगितलं तर तासभर बसावं लागतं.